गालाला गार लागलेला रांजण

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

भट्टीचं वरचं तोंड लिंपून झालं, खालून जाळ लावला. माझ्या गालाला मात्र अजून गारच लागून राहिलंय.

जिल्हा नवा झाला म्हणून कचेरीच्या दारात ठेवायला इथल्या कुंभारीण इंदूताईंनी कमरेएवढा रांजण घडवला. त्यावर खाली जुन्या बिदरी सुरईवर असते तशी वेल, वर विजेच्या तारांसारख्या सरळ काळ्या रेघा. मी वाटसरू, कंधारला निघालो होतो, तो रांजण घडताना बघत इथंच राहिलो.

आज भट्टीत चढवताना त्याला गाल लावला. माती आतून ओली असली तर गार लागते अन् जाळात फुटते, हे ताईंनीच शिकवलेलं.

"ताई, ओला हाय."

"सावलीत होता म्हणून गार हाय. शुक्रवारी साहेब येणार, थांबू कशी?"

"फुटला तर?"

"तर दुसऱ्या रांजणाची माती कशात कालवू रे भटक्या, थुंकीत? टँकर पिण्यापुरता येतो."

मग त्यांनीही गाल लावला. बराच वेळ. अन् म्हणाल्या, "चढव."

त्यांना गार लागला नसेल? लागलाच असेल. मग?

आत्ता भट्टीतून बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. भाकरी थापणारा ताईंचा हात थांबला. मग परत थापायला लागल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भट्टीच्या जाळात आणखी एक लाकूड सार."

मी सारलं.