अर्ज क्रमांक सात

चि. क्रांतीस,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. माझी प्रकृती उत्तम आहे, डोकं तेवढं फिरलेलं आहे.

झालं असं की, आमच्या इथल्या, दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळाने यंदा संगणकावरचे गेम बनवण्याची स्पर्धा ठेवली आणि त्यात कोणती साधनं वापरू द्यायची हे ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष मला केलं. (केंद्र सरकारात चौतीस वर्षं नियमच केले, याची कुणाला तरी आठवण राहिली.) पण अगं, हे लोक स्वतः काही करतच नाहीत! 'इंजिन' नावाचा एक तयार सांगाडा मिळतो, त्यात उडी मारणं, आपटणं, पडणं सगळं आयतं. चित्रं दुसऱ्याची, संगीत तिसऱ्याचं, उरलंसुरलं लिहायला एआय. मग स्पर्धकाने केलं काय, चहा प्यायला? समितीतली शिवांगी (पुण्याची, आयटीतली, तोंडाने फटकळ) म्हणाली, "काका, मग कीबोर्डपण घरीच बनवायचा का?" तो मुद्दा मी इतिवृत्तात 'विचाराधीन' म्हणून नोंदवला आणि आयती साधनं सरसकट बाद केली.

पक्षपात नको म्हणून अर्जांवरची नावंही मीच झाकायला लावली, टेंडरसारखी. सात नंबरने फुकटचं इंजिन वापरलं होतं. गेम उघडायची गरजच नव्हती. 'स्पर्धकाचे स्वतःचे कष्ट दिसून येत नाहीत' असा शेरा मारून सही केली आणि कागद सूचनाफलकावर लावला. मग नावं उघडली. सात नंबर म्हणजे तुझी कौशल्यावहिनी!

आता मला सांग, नवऱ्यापासून लपवायचं? पाच महिने ही बाई लॅपटॉपसमोर बसायची आणि मी समजत होतो, पाककृती बघतेय. वर राग तिलाच! तीन दिवस ती माझ्याशी परक्या माणसाशी बोलावं तशी हिंदीत बोलतेय. "खाना रखा है, ले लीजिए." चाळीस वर्षांच्या संसारात मला कुणी 'लीजिए' म्हटलं नव्हतं.

शेवटी गुपचूप तिचा गेम खेळलो. सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करायची, पाठ फिरवून चालू लागायचं आणि दुकानदाराने परत हाक मारली की जिंकलो. मी चार वेळा हरलो. प्रत्येक दुकान तिने हाताने काढलंय, आपल्या जुन्या क्वार्टरची खिडकीसुद्धा. खरं सांगतो, मला लाज वाटली. पण नियम तो नियम.

तुझा दादा,
काशीनाथ

ता. क. स्वतःच्या सहीचा आदेश मी स्वतः फिरवू शकत नाही, जन्मात फिरवलेला नाही. मात्र बाहेरच्या तज्ज्ञाची लेखी हरकत आली, तर फेरविचार करावाच लागतो. तुझा संघपाल पुण्यात गेमच बनवतो ना? हरकतीचा मसुदा सोबत जोडला आहे. त्याने फक्त सही करून शनिवारच्या आत पाठवावा, रविवारी निकाल आहे.

ता. क. २. 'अध्यक्षांना या विषयातलं ओ की ठो कळत नाही' हे वाक्य त्याने मामाची भीड धरून गाळू नये. ते वहिनीने घातलंय, आणि ते राहिलं तरच ती स्पर्धेत परत येणार आहे.