समोरच्या अंगणातला दिवा

शनिवार, केदारखेडा

आमच्या घरी बसवला तसाच रिमोटचा स्विच मी समोर सायलीच्या अंगणातल्या दिव्याला बसवून दिल्ता. सोबत दोन रिमोट होते. एक तिच्या अप्पांना दिला, दुसरा खिशात ठेवला. दिवा दोनदा लुकलुकला की ती फाटकापाशी यायची.

आज तो ओट्यावर राह्यला आणि दिवेलागणीला आईनं अंगणात आपलाच समजून दाबला. समोर उजेड पडला. दिव्याखाली उभ्या अप्पांनी सवयीनं दिव्याला हात जोडले, मंग थबकले. त्यांचा रिमोट तर आत खुंटीला असतो. मी "आई, आण इकडं!" म्हणत रिमोट हिसकावला आणि दिवा बंद केला. अप्पा माझ्याकडंच बघत होते. बंद कशाला केला मी? लागलेला राहिला असता तर काय बिघडलं असतं? डोकं तापलं की मला काही सुचत न्हाई.

"बराबर बंद झाला रे," अप्पा म्हणाले. आवाज बिलकुल चढवला न्हाई, त्याचीच भीती वाटते. "सकाळी ये. बापाला घेऊन ये."

सायली दारातून आत गेली. माझं कॉलेज मी स्वतः भांडून सोडलं. तिचं माझ्यामुळं सुटलं तर?