रेघेपुढची जागा

दादा,

आमच्या संग्रहालयाला तू भंगारखाना म्हणायचास. गावातल्या जुन्या कारागिरांच्या दालनासाठी तुझी घड्याळदुरुस्तीची हत्यारं मागितली की अंगावर यायचास, "मी मेल्यावर ने!"

आज वहिनी ती पेटी घेऊन आली. चिमटे, पेचकस, डोळ्याला लावायचं भिंगसुद्धा. त्या भिंगाला तू मला कधी हातही लावू दिला नाहीस.

"दादा कुठाय?" मी विचारलं.

"परगावी गेलेत, कामाला."

हत्यारं घरी ठेवून घड्याळजी कसल्या कामाला गेला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ती अशी टक लावून बघत होती की मी ते गिळलं. तुझा पत्ता मागितला, तर म्हणाली, "पत्र माझ्याकडे द्या, मी पोचवते." म्हणून हे पत्र कुठेच जाणार नाही.

मग मी कपाटात लावायची पाटी लिहायला घेतली. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. नावाखाली जन्मसाल लिहायचं, पुढे आडवी रेघ ओढायची, आणि माणूस हयात असला तर रेघेपुढची जागा मोकळी सोडायची. मी तशीच सोडली.

वहिनीने पाटी हातात घेऊन नीट वाचली आणि शांतपणे परत दिली.

"वन्सं, इथे मोकळं नका ठेवू. यंदाचं साल घाला."

शाई आणते म्हणून मी आतल्या खोलीत आलेय. ती बाहेर बाकावर बसलीय. पाटी लागल्याशिवाय हलणार नाही म्हणते.

तुझी,
धाकटी