नोएमीशेजारचा बाक

क्वेंका,
१४ मे

प्रिय ओर्तेन्सिया ताई,

देव तुला आणि भाओजींना बरं ठेवो. तू धाडलेली कॉफी पोचली. फाउस्तोचा खोकला आता कमी आहे, मुली पुन्हा बापाजवळ झोपतात.

मुली कशा आहेत, असं विचारलंस. बऱ्या आहेत, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते.

नोएमीला अजून वाचता येत नाही. सात वर्षांची झाली, पण तीच अक्षरं रोज नव्यानं भेटल्यासारखी बघते. डॉक्टर म्हणतात, बुद्धी चांगली आहे, शिकवायची रीत वेगळी हवी. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, “आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. हिमेनाला ठेवा, नोएमीसाठी दुसरी शाळा बघा.” जुळ्या पोरींची ताटातूट करायची, ताई. खाजगी शाळा, तिथं आपलं काय चालतं? फाउस्तोला हे सांगत होते, तेव्हा हिमेनानं ऐकलं असावं.

कारण थोड्याच दिवसांत तीही अडखळायला लागली. बाईंनी मला बोलावलं, “आता हिलाही तेच झालंय का?” येताना बेकरीवरची पाटी तिला वाचायला लावली. घडाघडा वाचली.

“मग शाळेत का चुकतेस गं?”

“दोघींना येत नसलं तर बाईंना शिकवावंच लागेल ना.”

सिस्टरना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “रोज सकाळी तुम्ही नोएमीशेजारी बसत असाल, तर वर्षअखेरपर्यंत बघू.”

म्हणून बसते. फोनवर सांगता आलं नसतं, ते आता लिहिते. तू शब्द टाकून मिळवून दिलेली दवाखान्यातली नोकरी मी सोडली. फाउस्तो विचारतो, “आणि वर्षअखेरीला नाहीच म्हणाल्या तर?” तू रागाव, पण फोन करून रागाव.

हिमेना पुन्हा नीट वाचते. आधी एकदा वळून आमच्याकडे बघते, मग सुरू करते. नोएमीला मात्र माझी लाज वाटते. “मधल्या सुट्टीत तू फाटकाबाहेर थांब,” म्हणते. मी थांबते.

काल लक्षात आलं, ती पुस्तकात बघतच नव्हती. मनात वाचताना माझे ओठ हलतात, ते बघून बोलत होती. मी तोंडावर हात धरला. ती घाबरली, हात ओढायला लागली. पोरं हसली. मी हात काढला नाही. शेवटी तिनं पानावर बोट ठेवलं. चुकली. पुन्हा चुकली. मग बरोबर आलं. शब्द होता ‘मीठ’.

उद्या तिचे डोळे भरले तर माझा हात तोंडावर राहील की नाही, मला ठाऊक नाही.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
भित्री
पिएदाद