रांजणाच्या तोंडाशी

१२ सप्टेंबर, तिबिलिसी

शिक्षक बंधू-भगिनींनो! आपलं दुखणं एकच — आयुष्यभर आपण बोलतो, आणि ऐकत मात्र कोणी नाही!

हे भाषण आता वहीतच राहणार. डॉक्टर म्हणाले, "लमाराबाई, स्वरयंत्रावर गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. निकाल येईपर्यंत दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही — आवाज हवा असेल तर."

हवा असेल तर! चाळीस वर्षं कर्ण्याशिवाय चौक गाजवले मी. आवाज गेला तर माझं उरतं काय? चष्मा आणि गुडघेदुखी.

इथे राहिले तर बोलेनच. उद्या काखेतीला, वाईनच्या मुलखात, निघते. सभांना शंभरदा गेले तिथे, बघायला एकदाही नाही!

१३ सप्टेंबर, सिग्नागी

विशेषणांची मला कधी टंचाई पडली नाही. आज पडली. टेकडीच्या कडेवर गाव, खाली अलाझानी नदीचं खोरं — वेलीच वेली — आणि पलीकडे बर्फाच्या डोंगरांची भिंत. जुन्या तटावरून दोन तास नुसती चालले.

द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा विकणारी म्हणाली, "घे की गं! मुकी आहेस का?" मी मान डोलावली. तिने एक माळ फुकट दिली. लाज वाटली. खाल्ली मात्र पूर्ण.

१५ सप्टेंबर, तेलावी

चौकातला तो अवाढव्य म्हातारा चिनार! याच्याखाली मी दोनदा भाषण ठोकलंय. वर पाहिलंच नव्हतं.

१६ सप्टेंबर

तेलावीजवळच्या एका खेड्यात, झाक्रो आणि त्सिउरी या नवरा-बायकोच्या घरी उतरले आहे. मी चिठ्ठी पुढे केली: घसा आजारी, बोलायची मनाई.

झाक्रो हादरलाच. "काखेतीत येऊन गप्प? बाई, इथे गाढवसुद्धा दोन शब्द बोलल्याशिवाय पेला उचलत नाही!"

"तू बोलतोस तेवढं सगळ्या गाढवांना पुरतं," त्सिउरी म्हणाली.

मग त्याने मारानी दाखवली, म्हणजे वाईनची खोली. अकरा रांजण, माणूसभर खोल, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. द्राक्षं सालीसकट आत, वर झाकण, त्यावर माती. बाकी काम जमिनीचं. हे सगळं मी वाचलं होतं, त्यावर बोललेही होते — परंपरा, श्रम, जनता! पण त्या ओल्या मातीचा वास एकाही पुस्तकात नव्हता.

१७ सप्टेंबर

पाच दिवस. एक शब्द नाही. मलाच खरं वाटत नाही!

१८ सप्टेंबर

रात्रीचे दोन वाजलेत. पण लिहितेच.

आज मोठा रांजण धुवायचा होता. द्राक्षांची तोडणी परवावर आली आहे. झाक्रोचा भाऊ शाल्वा दोरी बांधून आत उतरला; घरात तोच एक सडपातळ. रांजणात कधी कधी वाईट हवा साचते, म्हणून धुणारा आत गात राहतो आणि वर कोणीतरी ऐकत बसतं. गाणं चालू, माणूस ठीक.

"ऐकायला बाईंना बसव," त्सिउरी म्हणाली. "आमच्या घरात गप्प बसून ऐकणारं आजवर कोणी आलंच नव्हतं!"

बसले. चाळीस वर्षांत कुणाचं इतकं ऐकलं नसेन. रांजणाच्या तोंडातून येणारा तो खोल, मातीचा आवाज! मधेच शाल्वा ओरडला, "बाई, झोपलात काय?" जागी आहे म्हणून मी रांजणाच्या काठावर खडा वाजवला. हसला. पुन्हा गाणं.

मग ओळ अर्ध्यावर थांबली.

खडा वाजवला. काही नाही. दोरी ओढली — जड, मेलेली. झाक्रो आणि बाकीचे भिंतीपलीकडे, तिथे द्राक्षं चिरडायच्या यंत्राची चाचणी चाललेली, खडखडाट! पळत जायला माझे गुडघे! उंबऱ्यापर्यंत पोचायलाच दोन मिनिटं.

डॉक्टरांचे दहा दिवस आठवले. आठवले, हे लिहून ठेवते.

आणि ओरडले. "झाक्रो!" यंत्र चालूच. पुन्हा. तिसऱ्यांदा घशात काहीतरी फाटलं, तोंडात रक्ताची चव आली — आणि यंत्र थांबलं.

चौघांनी ओढून काढला. निळा पडला होता. अंगणात आडवा केला, खोकला, ओकला. डोळे उघडले तेव्हा त्सिउरी रडत ओरडली, "मेल्या, निदान कडवं तरी संपवायचंस!"

१९ सप्टेंबर

दुपारी सगळी आळी जेवायला. भट्टीतल्या लांब रोट्या, चीज, कोकराचा रस्सा. झाक्रो पेला घेऊन उठला. मला धडकी भरली — आता तासभर बोलणार! तो उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. आणि काहीच बोलला नाही. एकेक करून तीस माणसं उठली, काखेतीतली तीस माणसं, आणि सगळी गप्प. मग प्यायली.

याहून मोठं भाषण मी ऐकलेलं नाही. केलेलं तर नाहीच.

शाल्वा जवळ येऊन बसला. "बाई, घसा बरा आहे ना? माझ्यामुळे काही झालं नाही ना?" मी हसून मान डोलावली.

२२ सप्टेंबर, तिबिलिसी

गाठ साधी निघाली. गप्प बसले असते तर आवाज जसाच्या तसा राहिला असता. आता नाही. स्वरतंतू फाटला आहे, यापुढे फक्त कुजबुज — डॉक्टर म्हणाले.

शाल्वा रविवारी वाईन घेऊन येतो आहे. आवाज गाठीनेच गेला, असं त्याला सांगायचं. लमारा, त्याआधी हे पान फाड.