फेब्रुवारीचं शून्य

१२ फेब्रुवारी, सोमवार

खिंडीतलं फाटक पुन्हा आपोआप बंद झालं! दोन्हीकडे ट्रक अडकलेत. मेदेरबेकसाहेब टेबलापाशी आले – "बेगिमायताई, ड्रायव्हर माझ्या सात पिढ्या उद्धरतायत. नुसता गुडघाभर बर्फ अन् फाटक बंद? फाटकाचा तुमचा प्रोग्राम बघा की जरा." तीन वर्षं सुरळीत चाललाय. काय बघायचं त्यात?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आईच्या नावानं बोरसोक तळले, कणकेचे छोटे तुकडे. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात. चार शेजारणीला दिले, बाकीचे एकटीनं खाल्ले.

खिंडीपलीकडे धाकटा भाऊ उरमातही तळत असेल. सख्खा, पण दोन वर्षं अबोला. आई त्याच्याकडेच होती. ती गेली त्या दिवशी मी सकाळपासून त्या बंद फाटकापाशी उभी होते. तिला मातीत ठेवून झालं, तरी मी फाटकाच्या अलीकडेच. उरमात फोनवर म्हणाला होता – "एवढ्याशा बर्फात कधी फाटक बंद होतं का? यायचंच नव्हतं तुला. बहाणे नकोत." मग फोन ठेवला, तो ठेवलाच.

१६ फेब्रुवारी

सापडलं.

बर्फ किती सेंटिमीटर झाला की फाटक बंद करायचं, ते आकडे मी प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेत, एकाखाली एक. डिसेंबर १२०. जानेवारी १००. फेब्रुवारीचे ७० – पण रांग वाकडी दिसते म्हणून मी लिहिलं ०७०! मेली नीटनेटकेपणाची हौस! या भाषेत आकड्याआधी शून्य आलं की मशीन दहाऐवजी आठाच्या पटीत मोजतं. सत्तर नाही, सात आठे छप्पन्न. हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात.

दोन वर्षांपूर्वीची नोंद काढली. आई गेली त्या दिवशी बर्फ – ६१.

म्हणजे सत्तरच्या आत; फाटक उघडं असायला हवं होतं. माझी वाट मीच अडवली.

१७ फेब्रुवारी

शून्य काढलं. साहेब म्हणाले, "चला, सुटलो!" त्यांना बाकीचं काय माहीत.

उरमातला सांगू? नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे! आता निदान नुसता रागावलाय. हे ऐकल्यावर कायमचा तुटेल.

१८ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. उचलला! थांबले असते तर जमलं नसतं, म्हणून एका दमात सगळं सांगितलं – शून्य, छप्पन्न, एकसष्ट, चूक माझीच.

मग उरमात – "ताई... म्हणजे फाटक खरंच बंद होतं? तू आली होतीस?"