कान बघून पटलेली ओळख

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझा खोकला गेला का? फोनवर आईचं नाव काढलं की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान मला ते कळत नाही.

माझं शेवटचं वर्ष संपत आलं. कलेचा इतिहास शिकते म्हटलं की लोक अजून विचारतात, "म्हणजे चित्रं काढतेस?" नाही हो, बघते. तीन वर्षं नुसती बघतेच आहे. मॅडम वर्गात अंधार करून पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावतात आणि म्हणतात, "बोला." दोन्हींत बाई, दोन्हींत खिडकी, आणि आमची दातखीळ बसलेली! तू असतीस तर मॅडमनाच बोलू दिलं नसतंस.

असतीस तर. तुझा याच विषयाला झालेला प्रवेश आईने परस्पर जाऊन रद्द केला, "चित्रं बघून पोट भरतं का?" म्हणून. तू मुकाट्याने कॉमर्स केलंस आणि निकाल हातात पडला तशी घर सोडलंस, ते आजतागायत. मी मात्र त्याच विषयाचं नाव घेतलं तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. तुला याचा राग येतो, ठाऊक आहे. मलाही येतो.

आई बरी आहे. भूक चांगली लागते. जरा विसरते.

जरा नाही, ताई. फार.

मागच्या महिन्यात वर्गात शिकवलं की चित्रावर सही नसेल तर चित्रकार कसा ओळखायचा. चेहरा बघू नका, मॅडम म्हणाल्या, चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात. कान बघा. कान हाताच्या सवयीने काढला जातो. मी घरी येऊन आईला हे सगळं रंगवून सांगितलं, तिचा कान धरून. ती खूप हसली. मग माझे केस मागे सारून माझा कान बघत बसली, बोटाने कड चाचपली आणि म्हणाली, "अगं, मोठी तू! कधी आलीस?"

आपल्या दोघींचे कान तिच्यावरच गेलेत. पुढच्या तासाला मॅडमनी बजावलंच, शिष्य गुरूचा कान हुबेहूब उचलतो, तिथे भलेभले फसतात.

मी म्हटलं, "आई, मी धाकटी." तर म्हणाली, "धाकटी कोण?" मला वाटलं थट्टा करतेय. नव्हती करत. माझे लहानपणीचे फोटो काढून दाखवले. पाहुण्यांचं पोर बघावं तसं तिने कौतुकाने बघितलं. "गोड आहे. कुणाची गं?" डॉक्टर म्हणतात, अलीकडचं आधी जातं, जुनं मागून. मी तुझ्यानंतर इतक्या वर्षांनी आले, म्हणून आधी गेले. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

तेव्हापासून या घरात मी म्हणजे तू आहेस. पलंगावर पसरलेली माझी पुस्तकं बघून तिला कोण आनंद होतो! "शेवटी हेच शिकलीस ना?" असं म्हणते. तुझ्या प्रवेशाचं सगळं माझ्या जन्मानंतरचं, पण तेवढं मात्र तिच्या मनातून जात नाही. रोज चहा पिता पिता कप खाली ठेवते, माझा हात धरते. "तुझा प्रवेश मी घालवला गं. तुझे बाबा गेलेले, मी घाबरले होते. वाटलं, पोर उपाशी राहील. मला माफ केलंस का?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते.

मला 'हो' म्हणता आलं असतं. तिच्या जिवाला बरं वाटलं असतं. पण ते माझ्या हातात नाही ना! माफ करायचं तर तू, नाही करायचं तर तेही तूच. मी म्हणते, "आई, चहा निवतोय." ती कप उचलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. मी आता टेकीला आलेय.

डॉक्टर म्हणतात, आता मोठीलाही ती फार दिवस ओळखणार नाही. म्हणून ये. माफ कर असं मी सांगत नाही. भांडायचं असेल तर कडाकडा भांड, पण तिला अजून कळतंय तोवर. तिने विचारलं की उत्तर द्यायला समोर तू हवीस.

तू आल्यावर मी तिची कोण, हा विचार माझा करून झालाय. सध्या तुझ्या नावाने का होईना, ती माझा हात धरते. तू दारात उभी राहिलीस की तेवढंही जाईल. तिने विचारलं तर सांग, ही शेजारची, चहा करून देते. मी चहा करेन. मला वाईट वाटेल, खूप वाटेल. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. लवकर ये.

तुझी
धाकटी

या घरात मला 'धाकटी' म्हणणारं आता कुणी उरलं नाही. दारात आलीस की आधी एकदा मोठ्याने हाक मार.